रुपयातले पैसे मोजा, पॉइंट आपोआप जागेवर बसेल

पत्र असं आलंय:

"नमस्कार मॅडम, मी वडगाव बुद्रुकला राहते, वय ३९, मुलगा सातवीत. बऱ्याच वर्षांच्या गॅपनंतर नऱ्ह्याच्या एका छोट्या वर्कशॉपच्या ऑफिसात लागलेय. हजेरी, चलनं आणि रोजचा रिजेक्शन रिपोर्ट माझ्याकडे असतो. मागच्या आठवड्यात १२५० नग तपासले, त्यातले १५ रिजेक्ट झाले. कॅल्क्युलेटरवर १५ भागिले १२५० केलं तर ०.०१२ आलं आणि मी रिपोर्टमध्ये १२% लिहून मोकळी झाले. सरांनी ते बघून मशीनवरच्या मुलाला सगळ्यांसमोर झापलं आणि संध्याकाळी कळलं की ते १.२% होतं. मला तर जमिनीत गडप व्हावंसं वाटलं. शाळेत गणितात मी कायम काठावर पास. पॉइंट डावीकडे सरकवायचा का उजवीकडे, किती घरं, हे मला कधीच लक्षात राहत नाही. घरी मुलगा ३/८ चे टक्के किती, २/७ चे किती विचारतो तेव्हा मी भाजी बघायच्या निमित्ताने उठून जाते. मिस्टर म्हणतात एवढं काय, कॅल्क्युलेटर आहे की. खरंच शिकता येईल का या वयात? कुठून सुरुवात करू?"

ताई, पहिलं म्हणजे तुमचा भागाकार बरोबर होता हो. ०.०१२ हे उत्तर शंभर टक्के बरोबर, चुकलं ते फक्त वाचताना. त्यामुळे मिस्टरांना सांगा की कॅल्क्युलेटर होताच, त्यानं त्याचं काम केलं, पण आलेला आकडा केवढा आहे हे तो सांगत नाही, ते आपल्यालाच बघावं लागतं.

आणि डावीकडे-उजवीकडे हे पाठ करणं आजपासून बंद. ज्यांना ते पाठ असतं त्यांचंही परीक्षेच्या हॉलमध्ये उलटं होतं. त्याऐवजी रुपया आणि पैसे धरा, कारण तो हिशोब तुम्ही रोज करता. ०.५० म्हणजे किती पैसे? पन्नास. ०.०५ म्हणजे? पाच. ०.०१ म्हणजे एक पैसा. मग ०.०१२ म्हणजे एक पैसा आणि वर थोडंसं, १.२ पैसे. झालं की, तेच तुमचे १.२ टक्के. टक्का म्हणजे शंभरातला एक आणि पैसा म्हणजे रुपयातला शंभरावा, गोष्ट एकच. रुपयात लिहिलेला आकडा पैशात सांगितला की टक्के झाले, शंभराने गुणलं म्हणा नाहीतर पॉइंट दोन घरं उजवीकडे गेला म्हणा, ते आपोआप होतं, वेगळं लक्षात ठेवायला लागत नाही. ०.३७५ रुपये म्हणजे साडेसदतीस पैसे, म्हणून ३७.५ टक्के. ०.००४ रुपये म्हणजे अर्धा पैसासुद्धा नाही, ०.४ टक्के. १.५ रुपये म्हणजे दीडशे पैसे, १५० टक्के, आणि इथे घाबरायचं नाही, टक्के शंभराच्या वर जाऊ शकतात, सव्वा पट माल गेला म्हणजे १२५ टक्के, अडीच पट म्हणजे २५०.

उलटं जायचं असेल तर पैशाचे रुपये करा. ७ टक्के म्हणजे ७ पैसे, ०.०७ रुपये. इथे ०.७ लिहिणारे खूप, पण ०.७ म्हणजे सत्तर पैसे हे एकदा मनात म्हटलं की हात आपोआप थांबतो.

आता तुमचा मुलगा म्हणेल पैसे म्हणजे काय, कारण २५ पैसे आणि त्याखालची नाणी ३० जून २०११ पासून चलनातूनच गेली आणि पोरगं तर त्यानंतरचं. त्याला पेट्रोल पंपावरचा दर दाखवा, वीजबिल दाखवा, तिथे पॉइंटनंतरचे दोन आकडे अजून जिवंत आहेत. आजी-आजोबा घरात असतील तर आणखी मजा, त्यांना पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी विचारा, बऱ्याच जणांची अजून धडाधड पाठ असते. पाव म्हणजे २५ टक्के, निम्मे ५०, पाऊण ७५, म्हणजे अर्धी शेकडेवारी घरातच पडून आहे. आणि १ एप्रिल १९५७ ला दशमान नाणी येण्याआधी रुपयाचे सोळा आणे होते, तेव्हा पिकाची आणेवारी सोळापैकी काढायचे, बारा आणे पीक म्हणजे पाऊण. आता पैसेवारी काढतात. पेपरात गावाची पैसेवारी ४७ पैसे आली असं वाचलं की पीक अपेक्षेच्या ४७ टक्के समजायचं, आणि ५० पैशांच्या खाली आली की दुष्काळाची चर्चा सुरू होते ती म्हणूनच. म्हणजे बघा, सरकारी कागदावरसुद्धा टक्के पैशातच मोजतायत.

अपूर्णांकाकडे येऊ, म्हणजे त्या ३/८ कडे. तीन छेद आठ याचा अर्थ तीन भागिले आठ एवढाच आहे, ती मधली रेघ भागाकाराचीच खूण आहे. म्हणजे सरळ रस्ता हाच की ३ ला ८ ने भागा, ०.३७५ येईल, पैसे करा, ३७.५. हा रस्ता कुठल्याही अपूर्णांकाला चालतो. पण छेद बघून आधी दोन सेकंद थांबलं तर बऱ्याचदा भागायलाच लागत नाही. छेद २, ४, ५, १०, २०, २५, ५० असा शंभराला नेमका भाग जाणारा असेल तर त्याचा शंभर करून टाका. ७/२० मध्ये विसाचे शंभर करायला पाचाने गुणलं, वरच्या सातालाही पाचाने गुणलं, ३५/१००, पस्तीस टक्के. ९/२५ मध्ये चाराने, छत्तीस. छेद ५०० असेल तर खाली-वर दुप्पट करून हजारावर न्यायचा. दहावीच्या राज्य मंडळाच्या निकालात बेस्ट ऑफ फाइव्हचे मार्क पाचशेपैकी असतात ना, शेजारच्या मुलीला ४५७ पडले की दुप्पट ९१४, हजारातले ९१४ म्हणजे शंभरातले ९१.४. पेढा तोंडात जाईपर्यंत टक्के काढून होतात.

आठ मात्र शंभरात नीट बसत नाही. तिथे निम्म्याचं निम्मं करत जा. १/२ म्हणजे ५०, १/४ म्हणजे २५, १/८ म्हणजे १२.५, १/१६ म्हणजे ६.२५. एक अष्टमांश साडेबारा हे एकदा डोक्यात बसलं की ३/८ तीन साडेबारा, साडेसदतीस, ५/८ साडेबासष्ट, ७/८ म्हणजे शंभरातून साडेबारा वजा, साडेसत्त्याऐंशी.

मग राहतात तीन, सहा, सात, नऊ, बारा असले हट्टी छेद, ज्यांचा भागाकार कधी संपतच नाही. १/३ म्हणजे ३३.३३..., १/६ म्हणजे १६.६६..., १/९ म्हणजे ११.११..., १/१२ म्हणजे ८.३३... आणि सगळ्यात गमतीचा सात. १ ला ७ ने भागलं की ०.१४२८५७ येतं आणि मग पुन्हा १४२८५७, पुन्हा १४२८५७, असं चालूच राहतं. २/७ केलं की ०.२८५७१४, म्हणजे तेच सहा आकडे त्याच क्रमाने, फक्त सुरुवात दुसरीकडून. ३/७ ला ०.४२८५७१. हे मुलाला कॅल्क्युलेटरवर दाखवू नका, कागदावर भागाकार करू द्या आणि आकडे परत यायला लागले की त्याचा चेहरा बघा. टक्क्यात २/७ म्हणजे २८.५७१४..., आणि हे कुठेतरी कापावं लागतं. शाळेत सांगतात दोन घरांपर्यंत, म्हणजे तिसरं घर बघायचं, ते ५ किंवा मोठं असेल तर आधीच्यात एक मिळवायचा, नाहीतर तसंच सोडायचं. इथे तिसरं १ आहे, म्हणून २८.५७. सहावा भाग १६.६६६ आहे म्हणून १६.६७. फक्त कापायचं ते अगदी शेवटी, टक्के करून झाल्यावर. आधीच ०.२८५७ चं ०.२९ केलंत तर २९ टक्के येतील आणि जवळजवळ अर्धा टक्का हवेत जाईल.

याचं एक मस्त उदाहरण तुमच्या कानात किंवा गळ्यात असेल. लक्ष्मी रोडवर दागिना घेतला की हॉलमार्कमध्ये ९१६ असतं बघा, भिंगातून दाखवतात. २२ कॅरेट म्हणजे २४ भागांपैकी २२ भाग सोनं, २२/२४, म्हणजेच ११/१२. बारावा भाग ८.३३ टक्के, शंभरातून तो वजा केला की ९१.६७. हॉलमार्कवरचा आकडा हजारातला असतो, ९१६ (९१६.६६ मधला पॉइंटनंतरचा भाग सोडून), म्हणून टक्के करताना एकच घर सरकतं, ९१.६. १८ कॅरेटचा आकडा ७५०, कारण १८/२४ म्हणजे पाऊण, ७५ टक्के. एकच सोनं, कॅरेटमध्ये लिहा, हजारात लिहा नाहीतर टक्क्यात, दागिना काही बदलत नाही. (पाटल्या मोडायला न्याल तेव्हा हे आठवा, सराफाला एकदा सहज "म्हणजे ९१.६ टक्के ना" असं म्हणून बघा, बोलण्याचा सूर जरा बदलतो असा माझा अनुभव आहे.)

आता ऑफिसचं. तुमची खरी गरज इथे आहे, कारण मुलाच्या पेपरात पाव मार्क जाईल पण ऑफिसात दुसऱ्या कुणालातरी बोलणी बसतात. उत्तर लिहिण्याआधी एक टक्का किती ते काढायची सवय लावा, भागाकाराच्याही आधी. १२५० नगांचा एक टक्का म्हणजे साडेबारा नग. रिजेक्ट झाले १५. म्हणजे उत्तर एक टक्क्याहून किंचित जास्त यायला हवं, बास. १२ टक्के असते तर १५० नग कोपऱ्यात पडलेले दिसले असते आणि ते तुम्हाला ऑफिसात बसूनसुद्धा कळलं असतं. हा अंदाज हाताशी असला की पॉइंट चुकीच्या जागी बसूच शकत नाही, कारण १.२, १२ आणि ०.१२ यातला कुठला शक्य आहे हे तुम्हाला आधीच माहीत असतं.

एक्सेल वापरत असाल तर त्याचे दोन-तीन खोडसाळपणे माहीत असू द्या. साध्या सेलमध्ये १८ लिहून नंतर टक्क्याचं बटण दाबलं की ते १८००% दाखवतं, कारण ते शंभराने गुणूनच दाखवतं, त्याला काय माहीत तुम्ही आधीच टक्के लिहिलेत. दुसरं, तुमचं ०.०१२ तिथे टक्क्यात केलं तर नुसतं १% दिसेल, वरचे .२ गायब. ते गेलेले नसतात, लपलेले असतात, पॉइंटनंतरची घरं वाढवायचं बटण त्याच्याच शेजारी असतं ते एकदा दाबा. आणि नुसतं ३/८ टाईप केलंत तर ते त्याची तारीख करून ठेवतं, म्हणून आधी बरोबरचं चिन्ह, मग ३/८. रिपोर्टमध्ये टक्के हाताने टाईपच करू नका, रिजेक्टचा सेल भागिले तपासलेल्यांचा सेल असं सूत्र लिहा आणि बाकीचं त्याच्यावर सोडा. फोनच्या कॅल्क्युलेटरवरचं टक्क्याचं बटण वापरायचं असेल तर आधी १ भागिले २ करून त्यावर चाचणी घ्या, ५० आलं तर ठीक, नाहीतर त्या बटणाच्या नादी लागू नका, सरळ शंभराने गुणा.

अजून एक घोळ हमखास होतो. ०.२५ आणि ०.२५% या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिला पाव रुपया, दुसरा पाव पैसा. फेब्रुवारी २०२५ मध्ये रिझर्व्ह बँकेनं रेपो दर ६.५० वरून ६.२५ टक्के केला, त्या बातमीत कुणी पाव टक्का लिहिलं, कुणी ०.२५ टक्के, कुणी २५ बेसिस पॉइंट, तिन्ही एकच. पण ०.२५ टक्के वाचून "अरे वा, पंचवीस टक्के कमी झालं" म्हणत होमलोनच्या हप्त्याची स्वप्नं बघणारे आमच्या सोसायटीतच निघाले. आकड्यापुढे टक्क्याची खूण आधीच असेल तर पैसे करून झालेले असतात, पुन्हा शंभराने गुणायचं नाही.

आणि आता ते, जे शाळेत घाईघाईत उरकतात पण माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचं. दर वेळी विचारायचं की इथे रुपया कुणाला मानलाय. म्हणजे छेदात काय आहे. समजा तुमच्याकडे दिवसपाळीत १००० नगांत १० रिजेक्ट, एक टक्का, आणि रात्रपाळीत २५० नगांत ५ रिजेक्ट, दोन टक्के. दिवसाचा आकडा द्यायचाय म्हणून कुणीही पटकन एक आणि दोनची सरासरी दीड टक्का लिहील. पण एकूण नग १२५०, रिजेक्ट १५, म्हणजे परत तेच १.२. दोन पाळ्यांचे रुपये वेगवेगळ्या आकाराचे आहेत, त्यांचे पैसे एकत्र करून दोनाने भागता येत नाहीत. धरणांचंही तेच. पावसाळ्यात आपण सगळेच पुण्याला पाणी देणाऱ्या खडकवासला साखळीतल्या चार धरणांचे आकडे बघत असतो, तर खडकवासला धरण १.९७ टीएमसीचं (टीएमसी म्हणजे अब्ज घनफूट पाणी) आणि टेमघर ३.७१ चं. उदाहरणापुरतं धरा की खडकवासला काठोकाठ भरलंय आणि टेमघर पार कोरडं. शंभर आणि शून्याची सरासरी पन्नास, म्हणून निम्मं पाणी आहे असं वाटेल, पण खरं पाणी ५.६८ पैकी १.९७, म्हणजे ३४.७ टक्के. चारही धरणं मिळून २९.१५ टीएमसी होतात, त्यात पानशेत १०.६५ आणि वरसगाव १२.८२, म्हणून नुसतं खडकवासला भरलं म्हणून आनंदाने गाडी धुवायला काढू नये.

बिलांतही हेच फसवतं. तुमच्याकडे १००० च्या मालावर १८% जीएसटी लागून ११८० चं बिल येतं. कुणी म्हणालं यातला जीएसटी काढून दाखवा तर ११८० चे १८ टक्के काढायचे नाहीत, ते २१२.४० येतात. जीएसटी १८० च आहे, आणि तो ११८० च्या मानाने १५.२५ टक्के पडतो. एकदा रुपया १००० ला मानला होता, एकदा ११८० ला, एवढाच फरक. तसंच रिजेक्शन १.२ वरून १.८ टक्क्यांवर गेलं तर ते ०.६ टक्क्याने वाढलं असंही लोक म्हणतील आणि पन्नास टक्क्यांनी वाढलं असंही, कारण दुसरा माणूस जुन्या १.२ लाच रुपया मानतोय. रिपोर्टमध्ये दोन्ही आकडे शेजारी शेजारी लिहा, "१.२ वरून १.८", म्हणजे मीटिंगमध्ये कुणाला फिरवता येत नाही. आणि कॉलमच्या वर नुसतं "रिजेक्शन %" न लिहिता "तपासलेल्या नगांपैकी रिजेक्ट %" असं लिहा, कारण बनवलेले नग आणि तपासलेले नग बऱ्याच ठिकाणी वेगळे असतात.

वयाचं विचारलंत, तर माझ्या ओळखीत पन्नाशीनंतर सोसायटीचा हिशोब हातात घेऊन तो चोख ठेवणाऱ्या बायका आहेत, आणि तुमच्यापुढे तर रोज खरे आकडे येतायत, क्लासमधल्या पोरांना कुठे मिळतात. मुलासमोरून उठून जाऊ नका. "मलाही येत नाही, चल बघू" म्हणून शेजारी बसा, सातवीतलं पोरगं आईला शिकवायला मिळालं की दुप्पट मन लावतं. पुढे सीईटीच्या वेळी तुम्हाला पर्सेंटाइल नावाची आणखी एक भानगड भेटेल, ती टक्केवारी नव्हे, आपल्याएवढे किंवा आपल्याहून कमी मार्क किती टक्के मुलांना आहेत ते त्यात कळतं, पण त्याला अजून वेळ आहे.

आणि हो, त्या मशीनवरच्या मुलाला तुम्ही जाऊन स्वतः सांगितलंत का की आकडा माझ्याकडून चुकला होता? पत्रात तसं काही दिसलं नाही. सांगितलं नसेल तर उद्या सकाळी शिफ्ट सुरू व्हायच्या आत सांगा, आणि सरांनाही म्हणा की त्याला झापलं सगळ्यांसमोर तर १.२ चं पण सगळ्यांसमोरच सांगा.

रविवारी दोघांनी मिळून करायला ही थोडी गणितं, आधी अंदाज मग उत्तर: ५/८, ११/४०, ०.०७, ०.००४, १.३५, ५/६, आणि ६४० पैकी १६. उत्तरं ६२.५, २७.५, ७, ०.४, १३५, ८३.३३ आणि २.५ टक्के.